खाडीचा गाळ, तिसऱ्या आणि बेकरेल: किरणोत्साराचा अहवाल वाचायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पालघरच्या किनाऱ्यावरची एक विद्यार्थिनी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी डहाणूपासून केळव्यापर्यंतचा गाळ, बोंबील आणि तिसऱ्या (शिंपल्यांतले जीव) गोळा करते. गॅमा मोजणी तिने बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घेतली आहे. अहवालात पोटॅशियम-४० चे आकडे शेकड्यांत आहेत (किलोमागे बेकरेल, म्हणजे सेकंदाला फुटणारे अणू), रेडियम आणि थोरियमचे दहा-वीसच्या घरात. सिझियम-१३७ एकाच चिखलाच्या नमुन्यात सापडले, बाकी सगळीकडे 'मोजमर्यादेखाली' असा शेरा. घरी आजोबांनी विचारले, मग आपली मासळी खायची की नाही? तिचा प्रश्न असा की हे तारापूरच्या अणुवीज केंद्रामुळे आहे का, आणि मोजणी नीट झाली आहे का?

आजोबांना आधी सांगून टाका: खुशाल खा. तुमच्या दोन प्रश्नांना मात्र इतके झटपट उत्तर नाही. तुम्ही पाठवलेल्या अहवालात नमुना गोळा केल्याची तारीख नाही, मासळीचे वजन ओले धरले की सुके ते नाही, मोजमर्यादा (उपकरणाला दिसू शकणारे किमान प्रमाण) किती ते नाही आणि गाळात चिकणमाती किती तेही नाही. या चार गोष्टी नसतील तर बेकरेलचा आकडा कितीही दशांश स्थळांपर्यंत दिला तरी त्याचा अर्थ लागत नाही.

शेकड्यांतला पोटॅशियमचा आकडा पाहून सगळेच दचकतात, म्हणून तिथून सुरुवात करू. पोटॅशियम जिथे आहे तिथे पोटॅशियम-४० असतेच. एक ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियममध्ये साधारण ३१ बेकरेल. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जवळपास १२ बेकरेल याच एका समस्थानिकाचे असतात, आणि ताज्या मासळीत किलोमागे शंभराच्या आसपास. हे पृथ्वी घडली तेव्हापासूनचे आहे, याचे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) सव्वाशे कोटी वर्षे. गाळातल्या आकड्याला ३१३ ने भागा, पोटॅशियमचे शेकडा प्रमाण निघेल. ते एक टक्क्याच्या आसपास आले तर तुमच्या भागातल्या चिखलासाठी ठीक आहे. दहा टक्के आले तर प्रयोगशाळेला फोन करा. पोटॅशियमचा माझ्या दृष्टीने एवढाच उपयोग: अख्खी मोजणी ताळ्यावर आहे की नाही, हे तो फुकटात सांगतो.

रेडियम आणि थोरियम कमी का, याचे उत्तर सह्याद्रीत आहे. वैतरणा आणि सूर्या जो गाळ आणतात तो दख्खनच्या बेसॉल्टचा, आणि ग्रॅनाइटच्या मानाने बेसॉल्टमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम तिन्ही कमी. जगभरच्या मातीचा मध्यम आकडा रेडियमसाठी किलोमागे ३५ बेकरेलच्या आसपास, थोरियमसाठी ३० आणि पोटॅशियमसाठी ४०० धरतात. उत्तर कोकणचा गाळ त्याच्या खाली राहिला तर त्यात नवल नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्यात बेसॉल्टखालचे जुने खडक उघडे पडतात, तिथे चित्र बदलू लागते. खरा उंच आकडा पाहायचा तर केरळात चवरा-नीण्डकरा-करुणागप्पळ्ळीच्या पुळणीवर जावे लागेल. तिथल्या वाळूत मोनाझाइट आहे, त्यात थोरियम, आणि काही ठिकाणी वाळूचा आकडा किलोमागे हजारो बेकरेलपर्यंत जातो. तिथे ना कुणी अणुभट्टीतले सांडपाणी सोडले, ना काही फुटले.

याच संदर्भात रत्नागिरीच्या काळ्या वाळूबद्दलही लोक विचारतात. मिऱ्या आणि काळबादेवीची वाळू काळी दिसते ती मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटमुळे, म्हणजे बेसॉल्टमधल्याच जड खनिजांमुळे. मोनाझाइट असते पिवळसर-तपकिरी. काळी पुळण म्हणजे किरणोत्सारी पुळण, हा समज चुकीचा आहे.

आता गाळाकडे, कारण तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे. सिझियम पाण्यात विरघळलेले असते, पण चिकणमातीच्या कणांना, विशेषतः इलाइट या खनिजाच्या थरांच्या कडांना, ते असे चिकटते की सहजी सुटत नाही. जाड रेतीला ते जवळजवळ धरतच नाही. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच पाण्यात, शंभर मीटर अंतरावर घेतलेल्या रेतीत आणि चिखलात सिझियमचा आकडा कित्येक पटींनी वेगळा येऊ शकतो. तुमच्या ज्या एका नमुन्यात सिझियम मिळाले तो चिखल आहे, हे तुम्हीच लिहिले आहे. बाकीचे नमुने पुळणीचे असतील तर या फरकावरून तारापूरबद्दल काहीही म्हणता येत नाही. तो चिखल तारापूरच्या जवळचा निघाला असता तर तुम्ही भट्टीला दोष दिला असता, केळव्याच्या खाडीतला निघाला असता तर बुचकळ्यात पडला असता, आणि दोन्ही वेळा दिसले असते ते फक्त चिखल आणि रेतीतले अंतर.

यावरचा उपाय स्वस्त आहे. प्रत्येक नमुना ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून ओला चाळा आणि खाली गेलेला भाग किती टक्के ते लिहा. शक्य असेल तर तेवढाच बारीक भाग वेगळा मोजा. ॲल्युमिनियम मोजायची सोय असेल तर सिझियमचे ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढा, ॲल्युमिनियम हा चिकणमातीचा चांगला प्रतिनिधी आहे. नमुना घ्यायचा तो उधाणाच्या ओहोटीला, खाजणाच्या उघड्या पडलेल्या चिखलावरून, वरचे दोन ते पाच सेंटिमीटर, आणि एका ठिकाणी निदान पाच जागांचा मिळून. पावसाळ्यानंतर घेतलेला गाळ पावसाळ्याआधीच्या गाळाशी ताडून पाहू नका. नद्यांनी वरून नवा थर टाकलेला असतो.

हे सिझियम आले कुठून? जगातला बहुतांश जुना साठा १९५० आणि ६० च्या दशकांतल्या उघड्या हवेतल्या अणुचाचण्यांचा. धूळपाताचा, म्हणजे चाचण्यांतली किरणोत्सारी धूळ खाली पडण्याचा, कळस १९६३ च्या सुमारास होता, त्याच वर्षी आंशिक चाचणीबंदीचा करार झाला. सिझियम-१३७ चे अर्धायुष्य ३० वर्षे, म्हणजे तेव्हा पडलेल्यापैकी आज पाव हिस्सा उरला आहे. तो हिस्सा जगातल्या प्रत्येक किनाऱ्यावर आहे, जिथे एकही अणुभट्टी नाही तिथेही. त्यामुळे 'सिझियम सापडले' ही बातमीच नाही. शेजारी काय सापडले ते महत्त्वाचे. सिझियम-१३४ चे अर्धायुष्य जेमतेम दोन वर्षांचे आणि बॉम्बच्या धूळपातात ते नसतेच म्हणावे इतके कमी. आज गाळात ६०५ आणि ७९६ केईव्हीवर (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचे एकक) सिझियम-१३४ ची स्पष्ट पीके, म्हणजे आलेखातली शिखरे, दिसली, किंवा ११७३ आणि १३३२ वर कोबाल्ट-६०, तर ते अलीकडचे आणि भट्टीतून आलेले. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ पासून चालू झाले, ते उकळत्या पाण्याच्या प्रकारचे. जड पाण्याचे तिसरे आणि चौथे २००५-०६ मधले. तिथल्या विसर्गाच्या शोधात सिझियम-१३४ आणि कोबाल्ट-६० हीच दोन नावे पाहायची. तुमच्या अहवालात त्यांचा उल्लेखच नाही. 'नाही' असेही लिहिलेले नाही. प्रयोगशाळेकडे मूळ वर्णपटाची (कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले त्या आलेखाची) फाइल मागा. मोजणी झालेलीच आहे, फक्त कोणी त्या जागी पाहिलेले नाही.

पाहताना एक सावधगिरी. बिस्मथ-२१४ हा रेडियमच्या साखळीतला नैसर्गिक घटक ६०९ केईव्हीवर मोठे पीक देतो, सिझियम-१३४ च्या ६०५ ला अगदी खेटून. त्याचेच एक छोटे पीक ६६५ वर असते, सिझियम-१३७ च्या ६६२ शेजारी. जर्मेनियम डिटेक्टर असेल तर दोन्ही वेगळी दिसतात. सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर असेल तर दिसत नाहीत, आणि मग नैसर्गिक रेडियमलाच सिझियम समजून बसतात. किनाऱ्यावरच्या गाळात सिझियमसाठी सोडियम आयोडाइडवर काढलेले एक-दोन बेकरेलचे आकडे मी विचारात घेत नाही. ऑनलाइन मिळणारी खिशातली गायगर यंत्रे तर या कामाला पूर्णपणे निरुपयोगी. तिसऱ्यांच्या टोपलीवर ते धरून टिकटिक मोजणारे व्हिडिओ पाहून कुणी घाबरू नये आणि कुणी निर्धास्तही होऊ नये.

'मोजमर्यादेखाली' म्हणजे काय, हे एका कल्पित हिशोबाने सांगतो. ३०० ग्रॅम सुका गाळ डब्यात भरला. ६६२ केईव्हीला डिटेक्टरची कार्यक्षमता दोन टक्के. मोजणी ८०,००० सेकंद, म्हणजे साधारण २२ तास. गाळात किलोमागे एक बेकरेल सिझियम असेल तर एवढ्या वेळात पीकमध्ये जमतील सुमारे ४०० काउंट (नोंदलेले किरण). त्याच जागी इतर किरणांमुळे खाली १,००० काउंटचा पाया असेल तर प्रचलित सूत्राने किमान १५० काउंट हवेत, तरच 'आहे' म्हणता येते. म्हणजे मोजमर्यादा किलोमागे ०.४ बेकरेलच्या आसपास. आता मासळीकडे वळा. खुल्या समुद्राच्या पाण्यात आज सिझियम-१३७ लिटरमागे साधारण एक ते दोन मिलिबेकरेल, आणि मासा पाण्याच्या मानाने ते शंभरेक पट साठवतो असे धरतात. म्हणजे माशात किलोमागे ०.१ ते ०.२ बेकरेल. तुमच्या डब्याची मोजमर्यादा ०.४ असेल तर ताज्या बोंबलात काही दिसणे शक्यच नव्हते. तो 'मोजमर्यादेखाली' हा शेरा बोंबलाबद्दल काही सांगत नाही, डब्याबद्दल सांगतो.

माशातले सिझियम खरेच मोजायचे तर दहा किलो मासळी घ्या, सुकवा, मग भट्टीत ४५० अंशांपर्यंत हळूहळू नेऊन राख करा. दहा किलोची शंभर-दीडशे ग्रॅम राख होते आणि सगळे सिझियम त्यात उतरते. ४५० च्या वर नेऊ नका, सिझियम उडू लागते. पाण्याचे तर शंभर-शंभर लिटर अमोनियम मॉलिब्डोफॉस्फेटवरून गाळावे लागतात.

वजनाचा घोळ बोंबलात सर्वांत जास्त. बोंबील जवळजवळ नव्वद टक्के पाणी, बांगडा-सुरमई त्या मानाने घट्ट. सुक्या वजनावर दिलेला बोंबलाचा आकडा ओल्या वजनाच्या आठ-दहा पट दिसणार, बांगड्याचा चार-पाच पट. मग बोंबील 'जास्त किरणोत्सारी' ठरतो, तो केवळ पाणी उडाल्यामुळे. खाणारा माणूस ओला बोंबील खातो की सुका, त्याप्रमाणे हिशोब करायचा, आणि अहवालात दोन्ही वजने लिहायची.

गाळातल्या रेडियमबद्दल दोन गोष्टी. डबा बंद करून तीन-चार आठवडे ठेवला होता का? रेडियम-२२६ थेट मोजणे अवघड, कारण त्याच्या १८६ केईव्हीच्या पीकमध्ये युरेनियम-२३५ चाही चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा असतो. म्हणून त्याच्या नातवंडांवरून मोजतात: शिसे-२१४ चे ३५२ आणि बिस्मथ-२१४ चे ६०९. पण मध्ये रेडॉन आहे, तो वायू. डबा हवाबंद नसेल तर तो निसटतो आणि रेडियम कमी दिसते. साध्या प्लॅस्टिकच्या डब्याला टेप लावून काम भागत नाही. दुसरी गोष्ट, बिस्मथवरून निघालेल्या आकड्याला 'युरेनियम-२३८' असे नाव देऊ नका. खडकात ते चालते. समुद्रात युरेनियम विरघळून राहते, रेडियम वेगळे वागते, थोरियम गाळाला चिकटते. एकाचा आकडा दुसऱ्याला चालत नाही. मार्गदर्शकांनी तसे लिहायला सांगितले असेल तर नम्रपणे वाद घाला.

तुमच्या अहवालाच्या शेवटी 'रेडियम तुल्यांक ३७० पेक्षा कमी, म्हणून सुरक्षित' असेही वाक्य आहे. हा तुल्यांक बांधकामाच्या साहित्यासाठी आहे. घराच्या भिंतीत ते वापरले तर आत राहणाऱ्याला किती मात्रा मिळेल, एवढेच तो सांगतो. खाडीतून काढलेल्या रेतीला तो लावा, मुंबईच्या कितीतरी इमारती तिच्यावर उभ्या आहेत. खाजणाच्या चिखलाला आणि त्यात राहणाऱ्या तिसऱ्यांना त्याचा काय उपयोग, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. ते वाक्य प्रबंधातून काढून टाका.

आणि आता ज्याचा अहवालात पत्ताच नाही त्याबद्दल. मासळी खाण्यातून माणसाला जी मात्रा मिळते तिचा सिंहाचा वाटा पोलोनियम-२१० चा. तो नैसर्गिक आहे, युरेनियमच्या साखळीच्या टोकाशी. जमिनीतून रेडॉन हवेत जातो, त्यातून शिसे-२१० बनते, पावसाबरोबर समुद्रात पडते, त्यातून पोलोनियम, ते प्लवकांत आणि प्लवक खाणाऱ्यांत. तो अल्फा किरण सोडतो, म्हणून गॅमा डिटेक्टरला दिसत नाही. तुमची गॅमा मोजणी त्याच्या बाबतीत आंधळी आहे.

पोलोनियम चरबीत किंवा काट्यात नाही, प्रथिनांना चिकटते, आणि साठते पोटातल्या पचनग्रंथीत. म्हणून मोठ्या माशाच्या साफ केलेल्या तुकडीत ते कमी, आणि अख्खे खाल्ल्या जाणाऱ्या जिवांत जास्त: जवळा, मांदेली, तिसऱ्या, शिणाणे, कालवे. शिंपल्यांतले जीव पाण्याच्या मानाने पोलोनियम वीस हजार पटींच्या घरात साठवतात असे धरतात. त्यांच्या सुक्या वजनावर किलोमागे काही दहांपासून काही शे बेकरेलपर्यंतचे आकडे जगभरात आढळतात. त्यातही ऋतू येतो. अंडी सोडून रोडावलेल्या शिणाण्यात पोलोनियम तेवढेच राहते, मांस घटते, आणि ग्रॅममागचा आकडा फुगतो. प्रदूषण वाढले असे त्यावरून वाटू शकते.

मोजायचे कसे? राख करायची नाही, हे पहिले. पोलोनियम सिझियमच्या खूप आधी उडून जाते. तिसऱ्या आणल्यावर एक दिवस गाळलेल्या खाऱ्या पाण्यात ठेवा, पोटातला चिखल जाऊ द्या, नाहीतर तिसऱ्यांऐवजी गाळच मोजाल. मग मांस काढून कमी तापमानाला सुकवा. खुणेसाठी ठराविक पोलोनियम-२०९ टाका, नायट्रिक आम्लात विरघळवा, शेवटी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात आणा, लोह आड येऊ नये म्हणून ॲस्कॉर्बिक आम्ल घाला, आणि ८०-९० अंशांवर चांदीच्या चकतीवर ते आपोआप बसू द्या. चकती अल्फा वर्णपटमापकात ठेवली की ५.३ एमईव्हीला (म्हणजे ५,३०० केईव्हीला) पोलोनियम-२१० दिसते. हातात खर्चिक उपकरण एकच लागते, बाकी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले सामान.

तारीख का हवी, ते इथे कळते. पोलोनियम-२१० चे अर्धायुष्य १३८ दिवस. जिवाच्या अंगात त्याचा पूर्वज शिसे-२१० त्या मानाने कमी असतो, त्यामुळे मेल्यावर पोलोनियम घटतच जाते. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरून ठेवलेला जवळा दिवाळीला काढला तर त्यातले पोलोनियम निम्म्याच्या आसपास आलेले असते. पकडल्याची तारीख नसेल तर कोणता आकडा मोजला तेच कळत नाही.

आता आजोबांच्या 'खुशाल खा' मागचा हिशोब. समजा एखादा माणूस वर्षाला दहा किलो तिसऱ्यांचे मांस खातो आणि ओल्या वजनावर त्यात किलोमागे २० बेकरेल पोलोनियम आहे. एकूण २०० बेकरेल. प्रौढासाठी एका बेकरेलला १.२ मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या मात्रेचे एकक), म्हणजे २४० मायक्रोसिव्हर्ट, पाव मिलिसिव्हर्टच्या जवळ. तोच माणूस चाळीस किलो मासळी खातो आणि त्यात किलोमागे ०.२ बेकरेल सिझियम-१३७ आहे. एकूण ८ बेकरेल, प्रत्येकी ०.०१३ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे ०.१ मायक्रोसिव्हर्ट. दोन हजारांहून अधिक पटींचा फरक, आणि मोठी बाजू निसर्गाची. जगात सरासरी माणसाला सगळ्या नैसर्गिक स्रोतांतून वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, त्यात हा पाव मिलिसिव्हर्ट समुद्रकाठच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला आहे. पोटॅशियमची तर काळजीच नको, शरीर त्याचे प्रमाण स्वतः राखते, जास्तीचे बाहेर टाकते.

याचा अर्थ सिझियम मोजू नये असा नाही. ते मोजायचे ते मात्रेसाठी नव्हे, पाळत म्हणून. प्रत्येक अणुवीज केंद्राच्या ठिकाणी भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा असते, तिचे काम तेच. ट्रॉम्बेच्या शेजारी ठाण्याच्या खाडीतल्या गाळाचाही याच दृष्टीने अभ्यास झाला आहे. स्वतंत्र विद्यार्थ्याने तीच मोजणी नीट केली तर तिला किंमत आहे, पण नीट केली तरच. आणि मानवनिर्मित स्रोत म्हणजे फक्त भट्टी असेही नव्हे. शहरांच्या सांडपाण्यात थायरॉइडच्या उपचारातले आयोडीन-१३१ सापडते. फॉस्फेट खतांच्या कारखान्यांतून आणि समुद्रातल्या तेलविहिरींच्या पाण्यातून रेडियम येऊ शकते.

पुढच्या फेरीसाठी माझा आग्रह असा. ठिकाणे अर्धी करा, पण केंद्रापासून दूर, तशाच चिखलाची दोन खाजणे तुलनेसाठी जरूर घ्या. गाळाचा एक उभा गाभा काढा, निदान अर्धा मीटर, दोन-दोन सेंटिमीटरचे काप करून. शिसे-२१० वरून थरांची वये काढता आली आणि सिझियमचा डोंगर १९६३ च्या थरात सापडला, तर वरच्या थरातले सिझियम जुनेच उकरलेले की नवे, हे बोलता येईल. डोंगरच नसेल, सगळीकडे सारखे पसरलेले असेल, तर खेकड्यांनी आणि भरतीने गाळ घुसळला आहे. मग त्या गाभ्यावरून वये सांगू नका.

प्रयोगशाळा निवडताना त्यांना विचारा की संदर्भ नमुना कोणता वापरता. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मोनॅकोतल्या सागरी प्रयोगशाळेने प्रमाणित केलेले नमुने मिळतात, आयरिश समुद्राच्या गाळाचा ३८५ क्रमांकाचा आणि माशांचा ४१४ क्रमांकाचा. नाव सांगता आले नाही तर दुसरीकडे जा. नाव सांगितले तर त्याच डब्यात, त्याच उंचीला भरून मोजलेला त्यांचा शेवटचा निकाल पाहायला मागा.